डहाणूच्या बशीतला गोडवा

सुट्टीत कोठे जायचे, हा प्रश्न कामगाराच्या घरात खिसा पाहूनच सुटतो. या वेळी आम्ही डहाणू-तलासरी ठरवले. २०१३ सालापासून लोकल गाडी विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत जाऊ लागली आणि हा मुलूख आपल्या आवाक्यात आला. सकाळची गाडी धरली. बरोबर म्हातारी आई आणि दोन मुले.

हा रेल्वेमार्ग पुढे बडोद्याला जातो. मुलांना गाडीतच सांगितले, की १९१७ साली परमपूज्य बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. परदेशात शिकून आलेल्या त्या विद्वानाला राहायला कोणी जागा देईना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी उतारूगृहात राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या डझनभर माणसांनी त्यांना बाहेर काढले. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. त्यानंतर ते मुंबईला परतले, ते याच मार्गाने. खिडकीबाहेर बघता बघता मुले गप्प झाली.

डहाणू रोडला उतरून घोलवडमार्गे बोर्डीला गेलो. एका बाजूला समुद्र आणि सुरूची झाडे, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. इराणमधून आलेल्या झरतुष्ट्र धर्माच्या कुटुंबांनी या भागात चिकूच्या बागा वाढवल्या. येथल्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र या बागांत फळ तोडणारे, धुणारे, पेट्या भरणारे हात मुख्यतः वारली आदिवासींचे आहेत.

दुपारी एका इराणी कुटुंबाच्या घरगुती खानावळीत जेवलो. जेवण आटोपले आणि आमच्यापुढे कॉफी आली. प्रत्येक कपासोबत एक छोटी बशी. तीत चिकूच्या हलव्याची बोटभर वडी, एक नानखटाई आणि मावा केकचा इवलासा तुकडा. मुले हरखली!

फ्रान्समधल्या उपाहारगृहांत अशीच रीत आहे. जेवणानंतर लहान कपात कडक कॉफी आणि तिच्याबरोबर दोन-दोन घासांचे तीन-चार गोड पदार्थ एकाच ताटलीत देतात. तिला ‘कॅफे गुर्मां’ म्हणतात. गुर्मां म्हणजे खवय्या. पोट भरलेले असते, पण जीभ गोड मागते. अशा माणसासाठी ही सोय. आपल्याला हे श्रीमंती चोचले वाटतील. पण या थोड्याशा गोडाचा खरा अर्थ असा, की यजमान म्हणतो, घाई करू नका, आणखी जरा बसा.

‘बसा’ हा शब्दच आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला आला नव्हता. आईने कप दोन्ही हातांत धरला होता, पण ती पीत नव्हती. मग हळूच म्हणाली, “गावच्या हाटेलात आपला कप बाहेर वळचणीला खोचलेला असायचा. आपणच काढायचा, आपणच धुवायचा. चहा वरून ओतायचे. बसायचं नाव नाही.” आमचे वडील मुंबईला गिरणीत लागले तेव्हा इराण्याच्या हॉटेलात पहिल्यांदा खुर्चीवर बसून चहा प्याले. तेथे त्यांना कोणी जात विचारली नाही, हे ते मरेपर्यंत सांगत.

एवढ्यात भांडी न्यायला एक वारली बाई आली. आईने तिचा हात धरला. “बस गं बाय, दमलीस.” ती खाली जमिनीवर बसू लागली. आई म्हणाली, “खाली नाही, खुर्चीवर.” मालकीणबाईंनी आतून आणखी एक कप आणि बशी आणून तिच्यापुढे ठेवली. जन्मभर चिकू तोडूनही चिकूचा हलवा तिने कधी खाल्ला नव्हता. अर्धी वडी तिने खाल्ली, अर्धी पोरासाठी पदराला बांधली. आमच्या धाकटीने आपली नानखटाई मुकाट्याने तिच्या बशीत ठेवली.

संध्याकाळी रिक्षाने झरीवरून तलासरीला गेलो. याच झरी गावी २३ मे १९४५ रोजी हजारो वारली एकत्र आले आणि वेठबिगार करणार नाही, असे त्यांनी ठरवले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या पाठीशी होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांनी प्राण दिले. महाडला आपण पाण्यासाठी उभे राहिलो, येथे हे लोक घामाच्या मोलासाठी उभे राहिले. मुलांना आम्ही दोन्ही लढे सांगितले.

परतीच्या गाडीत मोठ्याने विचारले, “आजी, आपल्या घरी कचरा न्यायला येणाऱ्या काकांना तू वेगळ्या कपात चहा देतेस ना?” आई बराच वेळ बोलली नाही. आम्हीही बोललो नाही; कारण तो कप आम्हीही रोज पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. आईने घरातल्या कपात चहा ओतला, बशीत डहाणूहून आणलेली चिकूची वडी ठेवली आणि दारातली चप्पल बाजूला सारून म्हणाली, “आत या भाऊ, बसा.”