होडी आणि डोंगर

मुलांनो, आपल्या मुखेडहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आपल्या ओळखीचे ते बालाघाटाचे डोंगर. पण समुद्र आणि डोंगर एकाच शर्यतीत आले तर?

बिल टिलमन हा इंग्रज गिर्यारोहक १९३६ साली आपल्या नंदादेवीवर चढला होता. पुढे तो शिडाच्या होडीतून दूरदेशी जाई आणि तिथले डोंगर चढे. त्याच्यावरून सुचलेली शर्यत १९७७ साली ब्रिटनमध्ये सुरू झाली. संघात पाच जण. वेल्समधील बारमथहून निघून स्कॉटलंडच्या फोर्ट विल्यमला पोहोचायचे. वाटेत दोघांनी उतरून आधी स्नोडन, मग स्काफेल पाइक आणि शेवटी बेन नेव्हिस ही शिखरे धावत गाठायची. वारा पडला तरी भर समुद्रात इंजिन लावायचे नाही, वल्ही मारायची.

मला नवल वाटते ते धावणाऱ्यांचे. रात्रभर होडी हेलकावे खाणार, पोटात अन्न ठरणार नाही, आणि धक्क्यावर पाय ठेवताच धावायचे! एक जण मागे पडला, की पाचही जण मागे.

बेन नेव्हिस १३४५ मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर! पायथ्याशी समुद्र तेवढा नाही.