डाव्या हाताची खरेदी

महाग वस्तू विकत घेणे सोपे असते. दुकानात जावे, सर्वांत मोठे नाव उच्चारावे, पैसे मोजावेत आणि घरी यावे. पुढे वस्तू वाईट निघाली तरी दोष नावाला लागतो, आपणांस नाही. स्वस्त वस्तूचे तसे नाही. तिच्यात काय आहे, काय नाही, आणि जे नाही त्यावाचून आपले अडणार आहे काय, या प्रश्नांची उत्तरे खिशात घालूनच दुकानाची पायरी चढावी लागते. श्रीमंताजवळ पैसे असले म्हणजे पुरते. मध्यम स्थितीतील माणसास स्वतःची गरज ठाऊक असावी लागते. आणि ही गोष्ट पैशाहूनही दुर्मिळ आहे, असे आम्हांस वयाच्या ६८ व्या वर्षी रबराचे सोळा चौरस विकत घेताना कळून आले.

हे चौरस कसले, ते सांगण्यापूर्वी आमच्या डाव्या हाताची हकीकत सांगणे भाग आहे. कचेरी सांभाळून आम्ही सुमारे चाळीस वर्षे तबला वाजविला. वाजविला म्हणजे मैफली गाजविल्या असे कोणी समजू नये. आमच्या सौभाग्यवती गातात. त्यांच्यामागे संध्याकाळी ठेका धरावा, गणपतीत शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर दोन अभंगांस साथ करावी, एवढीच आमची कारकीर्द. तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा एक सौम्य झटका आला. पाय सुधारला, वाचाही सुधारली (ती इतकी सुधारली नसती तरी चालले असते, असे आमच्या घरातील एका व्यक्तीचे मत आहे), पण डावा हात काही पूर्वपदावर येईना. तो पेला धरतो, सदऱ्याची गुंडीही सावकाश लावतो. परंतु डग्ग्याच्या कातड्यावर मनगट टेकवून बोटांचा आघात करू गेले की, घुमारा निघण्याऐवजी पुठ्ठ्यावर थाप पडल्यासारखा आवाज येतो. अमुक काम म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ, असे लोक सहज बोलून जातात. त्यांना डाव्या हाताची किंमत ठाऊक नसते.

सौभाग्यवतींनी काही दिवस वाट पाहिली आणि मग मोबाइलवरील यांत्रिक तबला लावून गावयास प्रारंभ केला. त्या तबल्याबद्दल आम्हांस तक्रार करावयास जागाच नव्हती, आणि हीच आमची खरी तक्रार होती. तो लय चुकत नसे, चहा मागत नसे, सम चुकल्यास गाणाराकडे डोळे वटारून पाहत नसे. परंतु एक गोष्ट त्याला येत नसे : थांबणे. आमच्या घरच्या गायिकेचा दम अलीकडे थोडा कमी झाला आहे. चरणाच्या शेवटी त्यांना श्वास घ्यावयास तिळभर अवकाश लागतो, आणि तो आम्ही वर्षानुवर्षे कोणास न कळेल अशा बेताने देत आलो होतो. यंत्र तो देईना. त्या धापा टाकीत समेवर येऊ लागल्या आणि काही महिन्यांनी आठवड्यातून दोनदाच गाऊ लागल्या.

आमचा भाचा संगणकावर संगीत जुळवितो. तो एकदा म्हणाला, "मामा, डग्गा वाजत नसेल तर पॅड वाजवा की!" आम्ही समजलो, पोर थट्टा करीत आहे. परंतु त्याने आपल्या पिशवीतून पाटीएवढी एक वस्तू काढली. तिच्यावर चार ओळींत चार चार असे रबराचे सोळा चौरस होते. आम्ही एकावर बोट मारले. काहीच वाजले नाही. "वाजत नाही हे!" आम्ही म्हणालो. "ते वाजत नसतंच, मामा," तो म्हणाला.

या वाक्यात या वस्तूचे सारे रहस्य आहे, आणि ते न कळल्यामुळेच पुष्कळ लोक चुकीची खरेदी करून बसतात. पॅड कंट्रोलर ही वस्तू स्वभावतः मुकी असते. कोणत्या चौरसावर आघात झाला आणि किती जोराने झाला, एवढीच वार्ता ती तारेवाटे संगणकास कळविते. आवाज संगणकाच्या पोटात असतो. या वार्तेची भाषा मिडी या नावाने १९८३ साली रूढ झाली, आणि तीत आघाताचा जोर १ पासून १२७ पर्यंतच्या अंकांनी सांगतात. याउलट, ज्या यंत्राच्या पोटातच ध्वनीचे नमुने साठविलेले असतात, ते एकटे वाजू शकते. अर्थात त्याची किंमतही त्या प्रमाणात वाढते. घरी संगणक असलेल्या माणसाने दुसऱ्या पोटाचे पैसे का भरावेत?

खऱ्या वाद्याचा आवाज मुद्रित करून तो बोटाच्या आघाताने हवा तेव्हा वाजवावयाचा, ही कल्पना आता जुनी झाली. रॉजर लिन या अमेरिकन कारागिराने १९८० साली खऱ्या ढोलताशांचे नमुने साठविणारे तालयंत्र बाजारात आणले. पुढे १९८८ साली अकाई या जपानी कंपनीसाठी त्याने आखलेल्या एमपीसी-६० या यंत्रावर चार गुणिले चार चौरसांची ती मांडणी आली, जी आज स्वस्तांतल्या स्वस्त पाटीवरही दिसते. आपल्याकडे या कुळातील वेगळीच शाखा परिचयाची झाली. रोलंड कंपनीचा आठ चौकोनांचा ऑक्टापॅड १९८५ साली निघाला आणि आमच्या ऑर्केस्ट्रांत व बँजो पार्ट्यांत तो असा रुळला की, गावोगावची पोरे त्याला ऑक्टोपॅड म्हणून आपलाच समजू लागली. पण तो काठ्यांनी वाजवावयाचा. आमच्या डाव्या हातात काठी टिकत नाही. ती शेजाऱ्यास लागते.

सौभाग्यवतींनी दहा हजार रुपयांची मर्यादा घालून दिली आणि आम्ही भाच्यासह दुकाने धुंडाळू लागलो. चौसष्ट चौरसांच्या, रंगीत दिव्यांनी लखलखणाऱ्या पाट्या पाहिल्या. त्या आधीच जुळविलेले तुकडे एकेका बोटाने सुरू करण्यास उत्तम. पण त्यांपैकी काही स्वस्त पाट्यांस हळू आघात आणि जोराचा आघात यांतील भेदच कळत नाही. ज्याला "घे" हळू म्हणता येत नाही, तो साथ काय करणार? आठच चौरसांच्या इवल्या पाट्या स्वस्त होत्या, प्रवासात नेण्यासही सोयीच्या. परंतु त्यांवर नेम धरणे म्हणजे थरथरत्या हाताने सुई ओवणे होते. काही पाट्यांवर चौरसांपेक्षा फिरविण्याच्या खुंट्याच अधिक. भाच्यास त्या मोहक वाटल्या. आम्हांस मात्र जे फिरविणार नाही त्याचे पैसे देण्याची इच्छा होईना.

शेवटी आम्ही स्वतःचीच एक परीक्षा ठरविली. पाटी संगणकास जोडावयास लावावी, डोळे मिटावेत आणि डाव्या हाताच्या सर्वांत दुबळ्या बोटाने, म्हणजे करंगळीने, कोपऱ्यातल्या चौरसावर आघात करावा. डोळे मिटण्याचे कारण असे की, दिवा लागलेला दिसला म्हणजे आवाजही आल्याचा भास होतो. पहिल्या पाटीने करंगळीची दखलच घेतली नाही. दुसरीने एका आघाताचे दोन ऐकले. या दोषाचे मूळ असे की, रबराखालील दाब जाणणारा थर फार हळवा ठेवला, तर बोट उचलतानाची थरथरही तो आघात म्हणून मोजतो. तिसऱ्या पाटीवर आम्ही पुनः पुनः बोट आपटीत असता विक्रेता कनवाळूपणे म्हणाला, "आजोबा, जोरात मारा!" आम्ही त्यास म्हणालो, "बाबा रे, जोरात मारता येत असते, तर तुझ्या दुकानात आलो असतो कशाला?"

चौथी पाटी जाड रबराची होती आणि किती हलका आघात स्वीकारावा, हे तिच्यात ठरवून देता येत होते. भाच्याने ती मर्यादा खाली आणली आणि करंगळीने "घे" म्हटले. अगदी क्षीण, पण एकच, आणि म्हटल्याबरोबर. आम्ही पैसे मोजले. मर्यादेतून काही रक्कम उरली, आणि ती उरली हे किती बरे झाले, ते पुढे कळले.

आता आवाज कोणाचा घालावयाचा? संगणकावर तयार डग्गे पुष्कळ मिळतात. त्यांतील एकही आमच्या कानास पटेना. तेव्हा माळ्यावरची पेटी काढली. तीत आमच्या रियाजाची १९८७ सालची एक कॅसेट होती. तीवर आम्ही एकेक बोल सुटा वाजविला होता. गुरुजींना चुका दाखविता याव्यात म्हणून. भाच्याने ती संगणकात उतरविली आणि "घे" व "के" यांचे हळू, मध्यम आणि जोरदार असे तुकडे कापून, आघाताच्या जोरानुसार योग्य तो तुकडा वाजेल अशी योजना केली. आम्ही करंगळी टेकविली आणि आमचाच डावा हात, तिशीतला, खोलीत घुमला. क्षणभर आम्हांस बोलवेना. जो हात गेला असे आम्ही धरून चाललो होतो, तो माळ्यावर होता.

उजवा हात धड असल्यामुळे उजवीकडे खरा तबला आणि डावीकडे पाटी, असा संसार आम्ही मांडला. सोळा चौरसांचेही आम्ही चारच केले : शेजारशेजारच्या चार चौरसांना एकच बोल दिला, म्हणजे बोट इंचभर चुकले तरी बोल चुकत नाही. सोळा घरांची पाटी घेतल्याचे हे आमचे समर्थन आहे. कोणत्याही माहितीपत्रकात ते सापडणार नाही.

तरीही "धा" जमेना. "धा" म्हणजे "ना" आणि "घे" यांचे एकाच क्षणी होणारे लग्न; आमचे वऱ्हाड मात्र उशिरा येत होते. खरा तबला तत्काळ वाजे आणि पाटीचा डग्गा मागाहून. संगणक एका सेकंदाचे ४४,१०० कण करून ध्वनी हाताळतो आणि काही कण साठल्यावरच ते बाहेर सोडतो. हा साठा १,०२४ कणांचा असेल, तर तेवढ्याने सुमारे २३ सहस्रांश सेकंद जातात; आणि तेवढ्या वेळात हवेतून ध्वनी जवळजवळ आठ मीटर चालून जातो. म्हणजे आमचा डग्गा दिवाणखान्याबाहेर, जिन्यात बसून वाजत होता! भाच्याने साठा १२८ कणांवर आणला, तेव्हा या कारणाने होणारे अंतर मीटरभर राहिले. आणि मीटरभर दूर बसलेल्या डग्ग्याशी कोणाचेही भांडण नसावे. शिवाय आम्ही बिनतारी ध्वनिवर्धक लावला होता. त्याचा विलंब याहून कितीतरी अधिक असतो. संगणकाचा स्वतःचा कर्णा तर डग्ग्याचा खर्ज उच्चारूच शकत नाही. उरलेल्या पैशांत तारेचा एक बरा ध्वनिवर्धक आला. पाटी घेणाराने हा खर्च प्रथमपासूनच हिशेबात धरावा, असे आमचे अनुभवाचे सांगणे आहे.

उणीव राहिली ती मींडेची. आघातानंतर मनगट पुढे सरकवून डग्ग्याचा स्वर जो वाकविता येतो, तो आमच्या पाटीवर वाकत नाही. त्याची हळहळ आम्हांस रोज वाटते.

एके दिवशी भाच्याने सौभाग्यवतींचे गाणे आणि आमची साथ मुद्रित केली. पडद्यावर उभ्या रेघा होत्या आणि आमचा प्रत्येक डाव्या हाताचा आघात ठिपक्याच्या रूपाने त्यांवर दिसत होता. बहुतेक ठिपके रेघेच्या आसपास. पण दर चरणाच्या शेवटी एक ठिपका हटकून रेघेच्या मागे. "मामा, एक कळ दाबली की सगळे सरळ रेघेवर येतील. करू?" असे भाच्याने विचारले. आम्ही त्या मागे राहिलेल्या ठिपक्यांकडे पाहत राहिलो. ते चुकलेले नव्हते. दर ठिपक्यापाशी एका बाईने श्वास घेतला होता. आम्ही म्हणालो, "नको, राहू दे." मग भाच्यानेच सांगितले की, डेट्रॉइट शहरचा जे डिला नावाचा एक तरुण याच जातीच्या चौरसांवर वाजवी आणि आघात सरळ करणारी ती सोय टाळी, म्हणून त्याची ख्याती आहे. २००६ साली, वयाच्या ३२ व्या वर्षी, तो वारला. त्याचे एमपीसी आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात ठेविले आहे. त्याच्या संगीतातले आम्हांस फारसे कळत नाही. पण त्याने ती कळ का दाबली नसेल, हे कळल्यासारखे वाटते.

कोजागिरीस गच्चीवर चार बिऱ्हाडे जमली होती. आटीव दुधाची वाट पाहत बसलेल्या मंडळींपुढे आमचा तो विजोड संसार मांडला गेला. मुलांना पाटीचेच कौतुक. सौभाग्यवतींनी अभंग सुरू केला. पहिल्या चरणाच्या शेवटी त्यांनी सवयीने घाई केली. समेवर यंत्र आपल्याला गाठील, अशी त्यांना धास्ती असावी. दुसऱ्या चरणास त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिले. तिसऱ्या चरणाच्या शेवटी त्यांनी सावकाश, पुरता श्वास घेतला. आमची करंगळी रबरापासून केसभर वर थांबली होती. त्या समेवर आल्या, तेव्हा तीही आली.

घरी परतल्यावर त्यांनी वाजविण्याविषयी अवाक्षर काढले नाही. तशी आमच्याकडे पद्धतही नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्तमानपत्र वाचीत होतो, तेव्हा स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "अहो, आज सातला बसायचं, की साडेसातला?"