अंगठा की मनगट?

रात्री पुन्हा 'स्प्लॅटून ३' हा व्हिडिओ गेम. मोशन, म्हणजे कंट्रोलर हलवून नेम धरणं, चालू की बंद, हा वाद भाच्याशी आजही झालाच. त्याचा हात 'हेलो' या नेमबाजीच्या गेमवर बसलेला. "मामा, स्टिकच बरी," म्हणतो. बरी वाटणारच! तिथं नेम शत्रूजवळ आला की गेम स्वतःच त्याचा वेग कमी करतो. ही छुपी मदत २००१ च्या पहिल्या 'हेलो'पासून चालत आलेली.

अंगठ्याखालची स्टिक कितपत कलली यावर नजर किती वेगानं फिरेल, एवढंच ठरतं. नेमकं कुठं थांबायचं ते अंगठ्यानं बघायचं, आणि त्याला जागा जेमतेम सेंटीमीटरभर. म्हणून नेम लक्ष्य ओलांडतो, मागे येतो, पुन्हा पुढे. मोशनमध्ये कंट्रोलर वळेल त्या प्रमाणात नजर वळते. हात थांबला की तीही थांबते. रंगपंचमीला पिचकारी धरलेल्या पोराला हे शिकवावं लागत नाही, आणि इथं तर उडवायचा रंगच आहे.

'स्प्लॅटून'ची वाटणी मला पटते: आडवं मोठं वळण स्टिकनं, वर-खाली आणि बारीक दुरुस्ती मनगटानं. नजर भरकटलीच तर वाय बटण दाबून ती सरळ करायची. बसमध्ये मात्र मोशन बंद! घाटातलं वळण आलं की गाडीबरोबर आपला नेमही वळतो.

उद्या भाच्याला संवेदनशीलता थोडी उतरवून देईन. अट एकच, सोफ्यावर लोळत खेळायचं नाही.