उशाशीं बसणारे

आपल्याकडे दानांची यादी बरीच लांब आहे. अन्नदान, वस्त्रदान, विद्यादान यांची महती कीर्तनकारांपासून शाळामास्तरांपर्यंत सर्वांनीं गाइली आहे. पण स्वतःच्या वेळेचें दान त्या यादींत सहसा आढळत नाहीं. याचें कारण मला असें वाटतें कीं, पैसा देऊन माणूस मोकळा होतो. वेळ देणाऱ्यास मात्र स्वतःच तेथें जाऊन बसावें लागतें. आणि ज्याचें दुखणें आतां बरें व्हावयाचें नाहीं, अशाच्या उशाशीं बसणें तर फारच अवघड.

हा विचार माझ्या मनांत आला तो माझ्या मावशीच्या अखेरच्या दुखण्यांत. तिच्या कर्करोगावर करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, असें डॉक्टरांनीं सांगितल्यावर तिला एका धर्मादाय हॉस्पिसमध्यें न्यावें कीं नाहीं, यावरून घरांत चांगलाच वाद माजला. "आपलें माणूस परक्यांच्या हातीं द्यायचें?" असा वडीलधाऱ्यांचा प्रश्न होता, आणि तो निखालस प्रेमापोटीं होता. शेवटीं मावशीनेंच निकाल दिला. "तुम्ही रात्ररात्र जागतां, तें मला पाहवत नाहीं," ती म्हणाली.

तेथें गेल्यावर त्या घरांतील कामाची वांटणी माझ्या ध्यानांत आली. औषध, इंजेक्शन, मलमपट्टी हीं डॉक्टर व परिचारिका यांचीं कामें. वेदना उसळण्याची वाट न पाहतां घड्याळाच्या ठोक्यावर औषध द्यावयाचें, हा तेथील नियम. स्वयंसेवकांना औषधास हात लावण्याची मनाई. त्यांनीं वर्तमानपत्र वाचून दाखवावें, केस विंचरावे, पेजेचे चार चमचे भरवावे, नातलगांना तासभर झोप मिळावी म्हणून खाटेजवळ बसावें. धर्मोपदेश करूं नये, खोटी आशा दाखवूं नये, ऐकलेलें बाहेर नेऊं नये, हें त्यांना आरंभींच शिकवितात.

दर मंगळवारीं एक निवृत्त पोस्टमास्तर मावशीकडे येत. पहिले दोन मंगळवार दोघेंही जवळजवळ मुकींच होतीं. तिसऱ्या मंगळवारीं ती त्यांच्याशीं तासभर बोलली. काय बोलली, तें त्यांनीं आम्हांला कधींच सांगितलें नाहीं. त्या रात्रीं तिला स्वस्थ झोप लागली, एवढेंच आम्हीं पाहिलें. आमच्यापाशीं तिनें तें उच्चारलें असतें, तर आमचे डोळे भरून आले असते आणि आमचीच समजूत काढण्याची पाळी तिच्यावर आली असती. परक्याच्या परकेपणाचाही असा एक उपयोग असतो.

ही पद्धत नुसत्या भूतदयेंतून निघालेली नाहीं. इंग्लंडांतील सिसिली सॉन्डर्स या बाई प्रथम परिचारिका, मग रुग्णालयांतील समाजसेविका आणि १९५७ सालीं डॉक्टर झाल्या. १९४८ सालीं डेव्हिड टास्मा या वॉर्साहून आलेल्या मरणोन्मुख रुग्णानें त्यांच्या संकल्पित घराच्या खिडकीसाठीं म्हणून ५०० पौंड मागें ठेवले. तें घर लंडनमध्यें सेंट ख्रिस्तोफर्स या नांवानें उभें राहिलें १९६७ सालीं. शरीराची वेदना, मनाची भीति, घरच्यांची काळजी हें सारें मिळून एकच दुखणें, हा त्यांचा सिद्धांत. तें एकट्या डॉक्टरास पेलणारें नाहीं, हें ओघानेंच आलें. आपल्याकडे वांद्र्यास १९८६ सालीं शांति आवेदना हें असें घर निघालें. केरळांत १९९३ सालीं कोझिकोडे येथें सुरू झालेल्या कार्यांतून पुढें गांवोगांवचे शेजारीच शिकून तयार झाले. ते रोग्याच्या घरींच जातात. २००८ सालीं तेथील सरकारनें या सेवेसाठीं स्वतंत्र धोरण जाहीर केलें. शेजारी दारांत आला म्हणजे आमच्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न निम्मा सुटतोच.

अशा संस्थांना खाटा, औषधें आणि पगार यांसाठीं पैसा लागतो, आणि तो दिलाच पाहिजे. पण स्वयंसेवक होऊं इच्छिणाऱ्यानें आधीं आपला उत्साह नव्हे, आपला नियमितपणा तपासावा. येतों म्हणून न येणारा मनुष्य तेथें नसलेलाच बरा. कारण वाट पाहणाऱ्याजवळ मंगळवार थोडेच उरलेले असतात.