मालवाहू बोटीवरचा पाहुणा

मालवाहू जहाजातून प्रवासी म्हणून जाता येतं, हे सांगितलं की लोकांना आधी थाप वाटते. जाता येतं, पण एका वेळी फार तर 12 जणांना. तेरावा माणूस चढला की ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या लेखी ते प्रवासी जहाज होतं, आणि मग लाइफबोटीपासून आगीच्या बंदोबस्तापर्यंत सगळे नियम बदलतात. एवढा खर्च कोणती कंपनी करील?

चारशे मीटर लांबीच्या कंटेनर जहाजावरही माणसं असतात वीस-पंचवीस. शंभराच्या आत माणसं असली की डॉक्टर ठेवण्याची सक्ती नाही. औषधांच्या कपाटाची किल्ली बहुधा सेकंड ऑफिसरकडे, ज्याचं मुख्य काम नकाशे आणि मार्ग आखण्याचं. अवघड दुखणं निघालं तर किनाऱ्यावरच्या डॉक्टरला विचारून इंजेक्शन तोच देणार. म्हणून कंपन्या तब्येतीचा दाखला मागतात, वयाची अट घालतात. कित्येक ठिकाणी तर तुमच्यासाठी जहाज वाकडी वाट करून बंदराला न्यावं लागलं, तर त्या खर्चाचाही विमा काढावा लागतो.

मी कप्तान असताना पाहुण्यांची पहिली तक्रार ठरलेली: खिडकीतून समुद्र दिसत नाही. खालच्या मजल्यावरच्या केबिनसमोर कंटेनरची भिंत असते. पुढच्या बंदरात तो डबा उतरला तर समुद्र दिसेल, नाहीतर दुसरा डबा येईल. ब्रिजवरून, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथून, मात्र समोरचं पाणी दिसायलाच हवं. जहाजाच्या दोन लांब्या किंवा 500 मीटर, यांतलं जे कमी असेल, त्यापलीकडे पाणी डब्यांआड जाता कामा नये, असा नियम आहे. तेव्हा समुद्र बघायचा तर ब्रिजवर या, फक्त आधी विचारा. रात्री तिथे दिवे बंद असतात. डोळे सरावायला बराच वेळ जातो आणि तोवर माणूस हमखास कशाला तरी धडकतो.

बंदरं बघायला म्हणून येणाऱ्यांची मला कीव येते. रॉटरडॅम म्हणून आपण उतरतो ते मासव्हलाक्तेला, शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर. समोर क्रेन, कुंपण आणि वारा. टॅक्सी मिळेपर्यंत माल चढून होत आलेला असतो, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. त्यापेक्षा सुएझ जागेपणी बघावा. 193 किलोमीटरचा कालवा, जहाजं एकामागोमाग ताफ्यानं, आणि दोन्ही अंगांना हाताच्या अंतरावर वाटावी अशी वाळू. ‘एव्हर गिव्हन’ ही कंटेनर बोट 2021च्या मार्चमध्ये तिथं सहा दिवस अडकली, तेव्हा जगाला त्या कालव्याची रुंदी कळली. आम्हाला ती दर खेपेला घाम फोडून कळायची.

कोविडनंतर बहुतेक कंपन्यांनी प्रवासी घेणं बंद केलं, काहींनी पुन्हा सुरू केलं आहे. जमलं तर जा. शाकाहारी असाल तर कुकला पहिल्याच दिवशी गाठा आणि मासळीही चालत नाही हे वेगळं सांगा. नाहीतर तो मोठ्या प्रेमानं तुमच्यासाठी खास कोळंबी करील.