आबांची बोटे आणि एकवीस ठिपके

लग्नकार्य सोडले तर आमच्या घरात कुणी मुद्दाम कॅमेऱ्यापुढे बसत नाही. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला आणि "आबा, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, चिमूट धरतो तसं उघडा आणि मिटा, दहा वेळा, होईल तितकं मोठं आणि होईल तितकं भराभर," असे सांगू लागले, तेव्हा आजी ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "म्हाताऱ्याचं काय नाटक मांडलंय हे!" आबांनी मात्र टोपी नीट केली, सदऱ्याचे वरचे बटण लावून पाहिले, ते लागेना म्हणून सोडून दिले, आणि उजवा हात पुढे केला.

पहिल्या तीन चिमटी चांगल्या रुंद उघडल्या. चौथीपासून त्या लहान होऊ लागल्या. सातवीला बोटे मध्येच अडली, जणू कुणी धरून ठेवली. मग दोन घाईघाईच्या, अगदी बारीक. दहावी झालीच नाही. आबा हाताकडे पाहत राहिले. मी मोबाइल बंद केला.

आबा म्हणजे माझे आजोबा. १९७२ च्या दुष्काळात ते माण तालुक्यातून पिंपरीला आले. वय एकोणीस, आज माझे आहे तेवढेच. इथली नगरपालिका होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती आणि महानगरपालिका व्हायला अजून दहा वर्षे होती. एका कारखान्यात ते हेल्पर म्हणून लागले, पुढे जोडणी विभागात फिटर झाले आणि २०११ साली निवृत्त झाले. नटाचे पहिले दोन आटे हातानेच बसवायचे, मगच पान्याला हात लावायचा, हे त्यांनी मला चौथीत असताना सायकल दुरुस्त करता करता शिकवले होते.

२०१९ च्या सुमारास त्यांची सही बारीक होऊ लागली. सुरुवातीचे अक्षर ठीक, मग पुढची मुंगीसारखी. बँकेतून स्लिप परत आली. चालताना उजवा हात हलेनासा झाला. एका दवाखान्यात खांदा आखडला म्हणून आठ महिने शेक आणि व्यायाम झाले. घरात सगळे म्हणत, वय झाले. बाबा म्हणत, निवृत्त माणूस आळसावतो. आणि मीही त्यात होतेच! चपलेचा पट्टा लावायला त्यांना वेळ लागे तेव्हा दारात उभी राहून "आबा, किती वेळ लावता!" असे मी किती वेळा म्हटले असेल, ते आता मोजायचे नाही असे मी ठरवले आहे.

२०२१ साली पुण्यातल्या एका मेंदूविकारतज्ज्ञांनी पाच मिनिटांत निदान केले. त्यांनी आबांचे मनगट हातात धरून हळूहळू फिरवले. ते सरळ फिरेना. टक्-टक् करत, टप्प्याटप्प्याने फिरे. डॉक्टर म्हणाले, "याला दातेरी चाकासारखा ताठरपणा म्हणतात." आबांनी लगेच विचारले, "म्हंजी गिअर अडकल्यावानी?" डॉक्टर हसले, म्हणाले, "अगदी तसंच." आपल्या दुखण्याचे नाव कळल्यापेक्षा ते आपल्या धंद्यातले निघाले याचाच आबांना जास्त धीर आला असावा. कंपवात म्हणा की पार्किन्सनचा आजार म्हणा, ते नाव त्यांना नंतर पाठ झाले.

माझा आणि विज्ञानाचा संबंध दहावीतच सुटला. तरी या तीन-चार वर्षांत जे वाचले, डॉक्टरांकडून ऐकले, ते थोडक्यात सांगते. मेंदूच्या तळाशी काही काळसर पेशी असतात. त्या डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. हालचाल सुरू करणे, ती हवी तेवढी मोठी ठेवणे, हे त्याच्या जोरावर चालते. या पेशी मरत जातात; आणि लक्षणे दिसू लागेपर्यंत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक गेलेल्या असतात. मेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत. डोपामिनची भरपाई मात्र लेव्होडोपाच्या गोळीने काही तास होते. हे लेव्होडोपा आपल्या रानातल्या खाजकुहिलीच्या बियांतही असते. दामोदरन आणि रामस्वामी या आपल्याच संशोधकांनी १९३७ साली ते त्या बियांतून वेगळे काढले होते. आबांना हे सांगितले तर म्हणाले, "लहानपणी त्या कुहिलीनं अंग सोलून निघालं व्हतं. आता फेडतीय." (म्हणून कुणी रानातून बिया आणून खाऊ नयेत, मात्रा चुकली तर भलतेच व्हायचे.)

ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या जेम्स पार्किन्सन यांनी लंडनमध्ये १८१७ साली यावर एक निबंध लिहिला. त्यात फक्त सहा रुग्ण आहेत, आणि त्यांतले काही त्यांना रस्त्यात जाता-येता भेटलेले. एकाला तर त्यांनी केवळ दुरून पाहिले. म्हणजे या आजाराचा अभ्यासच मुळी माणूस चालतो कसा, हात हलवतो कसा, हे पाहण्यातून सुरू झाला. दोनशे वर्षे उलटली तरी डॉक्टरांचे मुख्य हत्यार डोळेच आहेत. १९८७ मध्ये एक गुणपत्रिका तयार झाली आणि २००८ मध्ये ती सुधारली गेली. चिमूट उघडमीट करणे, मूठ उघडणे-मिटणे, टाच आपटणे, खुर्चीवरून उठणे, चालणे, अशा एकेका गोष्टीला शून्य ते चार गुण. आणि आपल्या परीक्षेच्या उलट, इथे शून्य मिळाले तर उत्तम. अडचण अशी, की एकाच हाताला एक डॉक्टर दोन देतील तर दुसरे तीन. दुसरी अडचण त्याहून मोठी. तपासणी सहा महिन्यांतून एकदा, तीही दहा मिनिटांची. आम्ही पिंपरीहून पीएमपीच्या बसने जाणार, आबा त्याआधी गोळी घेणार, आणि नेमक्या डॉक्टरांसमोर त्यांचा हात उत्तम चालणार! घरी पहाटे बटण न लागणारा माणूस डॉक्टरांना कधी दिसतच नव्हता. म्हणून ते म्हणाले, "घरी मोबाइलवर चित्रण करा. वेळ लिहून ठेवा."

आमच्या इमारतीतला एक दादा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने माझ्याजवळचे चित्रण पाहिले आणि संगणकावर चढवले. क्षणात आबांच्या पंजावर एकवीस ठिपके उमटले: मनगटाला एक आणि प्रत्येक बोटाला चार. गूगलने काही वर्षांपूर्वी ही युक्ती सर्वांना मोफत वापरायला दिली आहे; अंगाला काही चिकटवायला नको, साधा कॅमेरा पुरतो. सेकंदाला तीस चित्रे. प्रत्येक चित्रात अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंतचे अंतर मोजायचे आणि त्याचा आलेख काढायचा, एवढेच. पडद्यावर डोंगररांग उभी राहिली. पहिली तीन शिखरे उंच, मग उतरती, मग एक सपाट माळ, मग दोन टेकड्या. मी जे डोळ्यांनी पाहिले होते तेच. पण आता ते नाकारता येण्यासारखे नव्हते.

आबा खुर्ची ओढून बसले. बराच वेळ आलेख पाहून म्हणाले, "ह्यो तर टाइम स्टडीवाला हाय."

मग त्यांनी सांगितले. कारखान्यात साहेब स्टॉपवॉच घेऊन मागे उभा राही. नट उचलायला किती सेकंद, बसवायला किती, मोकळा हात परत यायला किती. जो वेळ कागदावर पडे तोच उद्या सगळ्यांचा नेम ठरे. म्हणून घड्याळवाला आला की सगळे जण हात जड करत. "आमी मुद्दाम सावकाश करायचो, पोरी. आन् आता तुज्यापुढं मुद्दाम जोर लावतोय."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पुढे वाचताना कळले की हे नाते खरेच जुने आहे. फ्रान्समध्ये मारे नावाच्या शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात माणसाला काळे कपडे घालून, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावून, चालताना त्याची छायाचित्रे घेतली होती. दादाच्या ठिपक्यांचे हे पणजोबाच म्हणायचे. आणि अमेरिकेत गिलब्रेथ पतिपत्नींनी १९१२ च्या आसपास कामगारांचे हात चित्रपटाच्या कॅमेऱ्याने टिपले, बोटांना बारीक दिवे बांधले, चौकटीत घड्याळ ठेवले. कशासाठी, तर वायफळ हालचाल काढून टाकण्यासाठी. तेव्हा कारखान्याला घाई होती. आज हात किती मंद झाला हे मोजायचे आहे, कॅमेरा तोच.

पण आबा जोर लावत असतील तर आलेख खरा कसा? मनापासून लक्ष दिले की या आजारात हालचाल काही वेळ सुधारते. जमिनीवर आडव्या पट्ट्या ओढल्या तर अडखळणारा माणूस त्या ओलांडत नीट चालतो, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. पुण्यात हृषीकेश पवार यांनी अशा रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले, त्यातही ताल आणि लक्ष यांचाच आधार असणार. म्हणजे कॅमेऱ्यापुढचे आबा हे लक्ष देणारे आबा होते. मला लक्ष नसलेले आबा हवे होते. इथे माझे चुकले.

एका दुपारी ते आजीशी गावाकडच्या विहिरीबद्दल बोलत बसले होते. मी अभ्यासाच्या पुस्तकाआड मोबाइल उभा करून तीन मिनिटे चित्रण केले. विचारले नाही. त्यात उजवा हात नेहमीसारखाच होता. पण डावा हात, जो चांगला म्हणून आम्ही सगळे निर्धास्त होतो, तो मांडीवर निवांत पडलेला असताना अंगठा तर्जनीवर फिरत होता, गोळी वळावी तसा. दादाने चित्रे मोजली. सेकंदाला सुमारे पाच हेलकावे. आजार दुसऱ्या अंगाला आला होता, आणि ते मला आबांच्या आधी कळले होते.

दोन दिवस मी कुणाला सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी आबांना सांगितले, चित्रण कसे केले तेही. डाव्या हाताबद्दल ते काहीच बोलले नाहीत. चित्रणाबद्दल मात्र चिडले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "घड्याळवाला समोर यायचा. तोंड दिसायचं त्याचं. तू पुस्तकामागनं बघितलंस." त्या दिवशी ते माझ्याशी जेवतानाही बोलले नाहीत. आजीने ताट वाढताना मला डोळ्याने गप्प राहायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच हाक मारली. अटी दोन. विचारल्याशिवाय चित्रण नाही. आणि त्या अभियांत्रिकीवाल्या पोराकडे चेहरा ठेवायचा नाही. दादा म्हणाला, "आबा, चेहरा पुसून टाकतो, फक्त ठिपके ठेवतो." आबा म्हणाले, "ठिपकं ठेव. ठिपक्याला काय नाव असतंय?"

आम्ही मग आठ दिवस, आबांच्या संमतीने, सकाळी सहाला गोळीआधी, आठला आणि साडेअकराला चित्रण केले. सहाला टेकड्या, आठलाही टेकड्याच, साडेअकराला कुठे डोंगर. हे घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. मला वाटले होते ते आलेख पाहून आश्चर्य करतील. त्यांनी तो बाजूला ठेवला, आबांचे दोन्ही हात स्वतः तपासले, मनगटे फिरवली (ताठरपणा कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही, तो हाताला हात लावूनच कळतो), आणि मग विचारले, "सकाळची गोळी कशाबरोबर घेता?"

"दुधाबरूबर," आबा म्हणाले. "गोळी उष्ण पडती ना."

आजी रोज सकाळी मोठा पेला भरून दूध देई. दुधातली प्रथिने या औषधाच्या आड येतात. दोघांना शरीरात शिरायची वाट एकच. गोळी पाण्याबरोबर, खाण्याआधी अर्धा तास, एवढाच बदल त्यांनी त्या दिवशी सांगितला. डाव्या हातासाठी मात्रा वाढवायची का, ते पुढच्या भेटीत पाहू म्हणाले. साडेतीन वर्षे दूध चालू होते! कुणी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. परतीच्या बसमध्ये आजी खिडकीबाहेर पाहत होती. दापोडीपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. आबांनीच तिला सांगितले, "अगं, दूध चांगलंच व्हतं."

आता आठच्या चित्रणात शिखरे जरा वर आली आहेत. डाव्या हाताचाही आलेख आम्ही काढतो; तो सध्या उजव्यापेक्षा बरा आहे. दर रविवारी आबा स्वतःच डबा आणून ठेवतात आणि मोबाइल त्याला टेकवतात. मोजणी ते मोठ्याने करतात, कारखान्यात पेट्या मोजत तशी.

मागच्या रविवारी मोबाइल भरला. जागा नाही म्हणून चित्रण होईना. मी स्नेहसंमेलनाचे जुने नाच काढून टाकू लागले. आबांनी चष्मा लावून पडदा पाहिला आणि म्हणाले, "ते तुजं राहू दे. माजं काढ. फकस्त पैला ठेव, दिवाळीचा."