दोन बुरुजांमधला दांडा

आमच्या पिढीने मोटारगाडी हौसेखातर घेतली नाही. आजारपण, लग्नकार्ये आणि मुंबईचा पावसाळा यांच्या धाकाने घेतली. कारखान्याने दिलेल्या गाडीला आपण होऊन एखादा भाग जोडावा, हा विचार आमच्या मनाला कधी शिवला नव्हता. आमच्या चिरंजीवांना मात्र तो शिवला. पहिल्या पगारातून त्यांनी ‘स्ट्रट ब्रेस’ नावाचा ॲल्युमिनियमचा एक दांडा घरी आणला. हेतू निर्मळ होता. त्यांच्या आजीला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी मालाडच्या मार्वे रस्त्यावरून न्यावे लागते, आणि येताना तर प्रत्येक खड्ड्याला तिचा जीव कळवळतो. दांड्याने गाडी घट्ट होईल आणि आजीचे धक्के चुकतील, असा त्यांचा हिशेब.

हा दांडा करतो काय, हे आधी समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटले. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून आपल्याकडील बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन पद्धतीचे सस्पेन्शन असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याचे नाव त्याला मिळाले आहे. त्यात स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच उभ्या स्ट्रटमध्ये बसवतात आणि त्याचा माथा बॉनेटखालच्या पत्र्याच्या बुरुजाला जखडतात. जागा वाचते, भाग कमी लागतात, किंमत आवाक्यात राहते. परंतु गाडी वेगात वळली की चाकांचा आडवा जोर या दोन बुरुजांवर येतो, आणि मधली जागा इंजिनासाठी मोकळी असल्याने ते किंचित हलतात. दांडा दोन्ही माथे एकमेकांस बांधतो. एकावर आलेला जोर दुसराही वाटून घेतो.

तात्पर्य, दांड्याचे काम वळणावरचे, खड्ड्यातले नव्हे. खड्डा सोसायचा तो स्प्रिंगने, शॉकने, माथ्याच्या रबराने आणि टायरमधल्या हवेने.

आमच्या मेकॅनिकने गाडीचे नाक दोन्ही हातांनी दाबून सोडले. गाडी एकदा वर येऊन थांबण्याऐवजी झोके घेत राहिली. तो म्हणाला, “अंकल, दांडा बसवून देतो. पण आजीसाठी बसवत असाल तर आधी शॉक बदला.” चिरंजीव काही बोलले नाहीत. पहिल्या पगाराची वस्तू हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलाकडे पाहणे बापाला सोपे नसते. शेवटी शॉक आणि माथ्याची रबरे आम्ही बदलून घेतली. दांडाही बसवावा, असा आग्रह आमच्या आईचा. “पोराने आणलाय, तो गाडीतच राहू दे,” ती म्हणाली.

बसवण्याचे काम फार वेळाचे नव्हते, पण शिस्तीचे होते. गाडी सपाट जागी, चारही चाकांवर उभी केली. बुरुजाच्या माथ्यावरचे कडेचे नट तेवढे काढले. मधल्या नटाला हात लावला नाही, कारण दाबलेली स्प्रिंग तोच धरून असतो आणि तो सुटला तर जीवावर बेतू शकते. दांड्याच्या पट्ट्या बसवून नट आधी हाताने आणि मग टॉर्क पान्याने कंपनीच्या मापापर्यंत आवळले. दांडा वर लागत नाही ना, हे बॉनेट हळूच टेकवून पाहिले. स्ट्रट उघडले असल्याने व्हील अलाइनमेंट करून घेतले. काही दिवसांनी नट पुन्हा तपासावेत, असेही मेकॅनिकने बजावले.

आता आईला धक्के पूर्वीहून कमी बसतात. लिंक रोडवर वळताना दांड्याचा फरक कळतो, असे चिरंजीव म्हणतात. आम्हांस तो कळत नाही. परवा डायलिसिसहून परतताना आईने नातवाच्या दांड्याचे कौतुक केले. गप्प राहिला असता तरी चालले असते, पण तो म्हणाला, “आजी, ते शॉकमुळे. दांड्याचा त्यात काही संबंध नाही.”

“मला कळतंय,” आई म्हणाली. “पण दांडा आला नसता, तर शॉक कोणी बघितले असते?”

गाडीत कोणापाशीच याचे उत्तर नव्हते. तीन वर्षे त्याच रस्त्याने आम्ही तिला नेत-आणत होतो.